उपचार अचूक होते, समजावणे राहून गेले: याला दर्जातील उणीव म्हणावे की नाही?

धाकटी लेक (प्रश्न)

नमस्कार. एक प्रश्न गेले काही महिने मनातून जात नाही. वैद्यकीय क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारी मंडळी येथे लिहितात, म्हणून तो सविस्तर मांडत आहे.

माझे वडील 71 वर्षांचे आहेत. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, वेळेत रुग्णालय गाठता आले, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि पाचव्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घरी आले. त्या उपचारांविषयी आमची तक्रार तेव्हा नव्हती आणि आजही नाही. घरी सोडताना एका तरुण डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावरच्या सात गोळ्यांची नावे भराभर वाचून दाखवली. आधीपासून सुरू असलेल्या गोळ्यांचे काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आधीच्या आहेत तशा चालू राहू द्या. समजलं ना सगळं?" मी "हो" म्हणाले. डॉक्टरांच्या मनात बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या. माझ्या मनात त्यांची रक्तदाबाची गोळीही होती. त्या जुन्या गोळीत मेटोप्रोलॉल (रक्तदाब आणि नाडीचा वेग कमी करणारे औषध) होते आणि कार्डावरच्या एका नव्या गोळीतही मेटोप्रोलॉलच होते. कंपन्या निराळ्या असल्यामुळे नावे निराळी, रंगही निराळे. आठ दिवस आम्ही दोन्ही गोळ्या दिल्या, त्याही अगदी घड्याळ लावून. नवव्या दिवशी पहाटे बाबा न्हाणीघरात कोसळले. नाडी मिनिटाला 38 होती आणि कपाळाला चार टाके पडले. एक गोळी थांबवल्यावर ते तीन दिवसांत सावरले, हे आमचे नशीब.

दुसऱ्यांदा दाखल केल्यावर मी वरिष्ठ डॉक्टरांना भेटले. ते शांतपणे म्हणाले की उपचारात कोठेही चूक झालेली नाही, कार्डावर सगळे लिहिलेले होते, संवादात थोडी कमतरता राहिली असेल. हे 'थोडी' मला अजून टोचते. पण त्याहून मोठा पेच वेगळाच आहे. पहिल्या वेळी घरी निघताना माझ्याकडून अभिप्रायाचा अर्ज भरून घेतला होता. स्वच्छता, नोंदणी कक्ष, कर्मचाऱ्यांचे वागणे, प्रतीक्षेचा वेळ, या सगळ्यांपुढे मी 'उत्तम' या रकान्यात खूण केली होती, आणि ती मनापासून केली होती. म्हणजे ज्या तासाभरात ती चूक घडली, त्याच तासाभरात मी त्या रुग्णालयाला पैकीच्या पैकी गुण देत होते.

म्हणून विचारते. समजावून सांगणे हा उपचाराचा भाग आहे की उपचारानंतरचे सौजन्य? आणि माझ्यासारखीचा 'उत्तम' हा शेरा इतका आंधळा असेल, तर रुग्णाच्या अनुभवावरून आरोग्यसेवेचा दर्जा ठरवण्याला काही अर्थ आहे का?

जुना फिजिशियन

ताई, हा प्रसंग वाचून वाईट वाटले, आणि ओशाळल्यासारखेही झाले, कारण "समजलं ना?" हे दोन शब्द मी स्वतः तीस-पस्तीस वर्षांत किती हजार वेळा उच्चारले असतील याचा हिशेब नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: उपचारातच चूक झाली. औषध म्हणजे नुसती गोळी नसते. ती कोणती, किती, केव्हा, कशासोबत आणि कशाऐवजी घ्यायची, हे सगळे मिळून औषध होते. यांपैकी 'कशाऐवजी' एवढे सांगायचे राहिले आणि योग्य औषधाची मात्रा दुप्पट झाली. शस्त्रक्रियेत एखादा टाका घालायचा राहिला असता, तर 'शस्त्रक्रिया अचूक झाली, टाक्यात थोडी कमतरता राहिली' असे कोणी म्हटले नसते.

आमच्या शिक्षणात संवाद हा विषय 'वागणूक' या सदरात टाकला जात असे, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ तेथे आहे. निदानाचेच पाहा. ब्रिटनमध्ये 1975 साली हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या 80 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी 66 रुग्णांच्या बाबतीत, पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून बांधलेले निदान शेवटी पक्के ठरले. शारीरिक तपासणी 7 जणांत आणि प्रयोगशाळेतील चाचण्या आणखी 7 जणांत निर्णायक ठरल्या. आज यंत्रे कितीतरी सुधारली आहेत, तरी कोणती चाचणी करायची हे ठरते रुग्ण काय सांगतो त्यावरच. आणि आम्ही ऐकतो किती? अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 साली 74 भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरांनी त्याचे बोलणे तोडले होते. एकदा तोडलेले बोलणे रुग्ण क्वचितच पुन्हा जोडतो.

एक प्रसंग सांगतो. गुडघेदुखीसाठी आलेल्या एका गृहस्थांना मी तपासले, औषधे लिहिली आणि सवयीने विचारले, "आणखी काही नाही ना?" ते म्हणाले, "नाही, नाही." मग केस पेपरची घडी करून खिशात ठेवता ठेवता, उठून उभे राहिल्यावर, जणू माझ्याशी नव्हे तर स्वतःशीच म्हणाले, "जिना चढताना छातीत जरा जड होतं, पण वयच झालं आता." मी त्यांना पुन्हा बसवले. त्यांच्या हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. त्या दिवसापासून मी 'काही नाही ना' हा शब्दप्रयोग सोडला. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले असते. नकाराने विचारले की नकारच येतो, आणि आपल्या बोलण्यात तर तो शिष्टाचारच आहे. आता मी "आणखी काय सांगायचं आहे?" असे विचारतो आणि गप्प राहतो. बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी 2007 साली इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांत नेमकी हीच गोष्ट तपासली होती. प्रश्नातला एकच शब्द होकाराकडे झुकणारा निवडला, तेव्हा न बोलता राहून जाणाऱ्या तक्रारी 78 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि भेटीचा वेळ मात्र वाढला नाही.

आता आपल्या 'हो'विषयी. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. रॉय केसेल्स यांनी 2003 साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेताना नोंदवले आहे की डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो, आणि जी लक्षात राहते तिच्यातील जवळपास निम्मी चुकीची असते. पाच दिवस झोप नसलेली लेक, हातात सात औषधांची यादी, समोर घाईत असलेले डॉक्टर. अशा वेळी 'हो' म्हणजे 'समजले' असे नसून 'आपला वेळ घेत नाही' असे असते. म्हणूनच रुग्णाला समजले का हे विचारण्याऐवजी, आपण नीट सांगितले का हे तपासावे लागते. मी म्हणतो, "माझं सांगणं बरोबर पोचलं का ते मला बघायचं आहे, उद्या सकाळी कोणकोणत्या गोळ्या द्याल, ते मला सांगा." याला टीच-बॅक म्हणतात. त्या दुपारी हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर आपण दोन्ही गोळ्यांची नावे घेतली असती आणि चूक तेथेच उघडी पडली असती.

रात्रपाळी

मी वॉर्डमध्ये सिस्टर आहे. डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते खरेच आहे, पण चूक एका वाक्यात घडली असे मानले तर ती पुन्हा घडेल. ताई, आपल्या बाबांच्या बाबतीत ती पाच दिवस आधी, दाखल करतानाच सुरू झाली असणार. झटका आलेला रुग्ण येतो तेव्हा सगळी धावपळ छातीसाठी असते. "घरी काय औषधं चालू आहेत?" असे कोणीतरी विचारते, नातेवाईक "बीपीची आणि शुगरची" असे सांगतात, आणि कागदावर 'बीपी, शुगर' एवढेच उतरते. गोळीचे नाव कोणी विचारत नाही, कारण त्या क्षणी ते खरोखरच दुय्यम असते. पुढे ते कोणी विचारायचे, हे मात्र ठरलेले नसते. दिवसाची सिस्टर समजते की डॉक्टरांनी विचारले, डॉक्टर समजतात की सिस्टरने लिहून घेतले. पाच दिवसांत तीन पाळ्यांप्रमाणे पंधरा वेळा ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती, दिली-घेतली जाते, आणि प्रत्येक वेळी तीच दोन शब्दांची नोंद पुढे सरकते.

ओव्हर ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेतील 9 रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांसाठी पाळी बदलताना रुग्णाची माहिती कशी द्यायची याची ठरावीक पद्धत घालून दिली गेली. आय-पास नावाच्या या पद्धतीत शेवटची पायरी अशी आहे की ऐकणाऱ्याने ऐकलेले परत सांगायचे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, 10,740 रुग्णांच्या नोंदी पाहता, वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी हानी 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तेथे नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. रुग्णाला समजावण्याविषयी सगळे बोलतात, पण आम्ही आपसांत नीट बोललो नाही तर रुग्णाला सांगायला आमच्याजवळ खरी माहितीच नसते, याकडे कमी लक्ष जाते.

घरी सोडण्याचा दिवस हा वॉर्डमधला सर्वांत घाईचा दिवस असतो. एकाच वेळी चार खाटा रिकाम्या करायच्या असतात, खाली नवे रुग्ण थांबलेले असतात, बिलाच्या खिडकीवरून फोन येत असतात, आणि कार्ड लिहिणारे डॉक्टर बहुधा त्या सकाळीच ड्यूटीवर आलेले असतात. रुग्णाचा चष्मा बॅगेत गेलेला असतो, कानातले यंत्र डबीत असते, नातेवाईक सामान आवरत असतात. अशा वेळी आपण आयुष्यभराची औषधे दोन मिनिटांत समजावतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा ज्या तीन गोष्टींवर भर दिला, त्यांत रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो टप्पा होता. बाबांच्या बाबतीत तोच टप्पा निसटला.

आमच्या वॉर्डमध्ये आम्ही एक साधी पद्धत पाडली आहे. दाखल झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना सांगतो की घरातल्या सगळ्या गोळ्या, चालू असोत की बंद, एका पिशवीत घालून आणा. त्या खाटेवरच्या टेबलावर ओततो आणि एकेक पट्टी हातात घेऊन मोठ्या नावाखालची बारीक अक्षरे वाचतो, कारण घटक तेथे छापलेला असतो. एकदा एका आजोबांच्या पिशवीत कात्रीने कापलेल्या पट्ट्या निघाल्या. दोन-दोन गोळ्यांचे तुकडे, नाव नेमके कापून गेलेले. त्या आजी सहा महिने त्या गोळ्या रंगावरून ओळखून देत होत्या. मग आम्ही त्यांच्यासाठी कागदावर चार रकाने आखले: सुरू ठेवायची, नवीन, मात्रा बदललेली आणि बंद करायची. 'बंद'च्या रकान्यातल्या गोळ्या त्यांच्यासमोर वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर मोठी फुली मारली. या कामाला वीस मिनिटे लागली. डिस्चार्ज कार्डावर चालू औषधे असतात, बंद केलेली बहुधा नसतात, आणि घरात धोका असतो तो त्यांचाच.

आणखी एक सांगते. ब्रिटनमधील डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण होत्या. आपल्यावर उपचार करणारे अनेक जण आपले नावही सांगत नाहीत, हे त्यांना रुग्ण म्हणून खाटेवर असताना जाणवले आणि 2013 साली त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. 2016 साली त्या गेल्या. आधी मला ही गोष्ट केवळ सौजन्याची वाटत असे. आता वाटते की जिचे नाव माहीत असते, त्या सिस्टरला रात्री हाक मारून शंका विचारता येते. नाव माहीत नसलेल्या माणसाला कोणी परत प्रश्न विचारत नाही.

स्पष्टवक्ता

वरील दोन्ही मते आदराने वाचली. मी शल्यचिकित्सक आहे आणि माझी अडचण प्रामाणिकपणे मांडतो. एका ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण पाहायचे असतात. प्रत्येकाचे म्हणणे न तोडता ऐकायचे, मग प्रत्येकाकडून परत वदवून घ्यायचे ठरवले, तर शेवटच्या रुग्णाला रात्र होईल, आणि त्याच्या अनुभवाचे काय? दुसरे असे की या विषयाचा फार गाजावाजा झाला की संवादाचेही पाठांतर होते. "मला तुमचं दुःख समजतं" हे वाक्य कार्यशाळेत शिकून आलेले कनिष्ठ डॉक्टर ते संगणकाकडे पाहत म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. रुग्णाला ते लगेच कळते. त्यापेक्षा कमी बोलणारा पण हाताचा पक्का डॉक्टर मी पत्करेन. रुग्णाचे समाधान आणि उपचाराचा दर्जा या वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंचा 'उत्तम' हा शेराच त्याचा पुरावा आहे.

जुना फिजिशियन

वेळेचा मुद्दा खरा आहे आणि तो मी हलका लेखणार नाही. साठ-सत्तर रुग्णांची ओपीडी हा व्यवस्थेचा दोष आहे, एकट्या डॉक्टराच्या सद्भावनेने तो भरून निघत नाही. पण आपण ज्याला घाबरतो, तो वेळ प्रत्यक्षात किती असतो हे मोजलेले आहे. स्वित्झर्लंडमध्ये लांगेविट्झ आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठ रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितले की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 335 रुग्ण होते. ते सरासरी 92 सेकंद बोलले. 78 टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले, आणि पाच मिनिटांहून अधिक बोलणारे केवळ 7 जण निघाले.

परत वदवून घेणेही सरसकट सगळ्यांच्या बाबतीत करावे असे मी म्हणत नाही. जेथे औषध बदलले, मात्रा बदलली किंवा रुग्ण घरी चालला, तेथे करावे. पाठ केलेल्या सहानुभूतीविषयी मात्र आपल्याशी पूर्ण सहमत आहे. ताईंना त्या दुपारी सांत्वन नको होते, एक नेमकी माहिती हवी होती. हाताचा पक्का डॉक्टर मलाही हवा. पण ताईंच्या बाबांची अँजिओप्लास्टी करणारा हात पक्काच होता, आणि तरीही ते न्हाणीघरात पडले.

मोजमाप

मी रुग्णालयांच्या दर्जाच्या मूल्यमापनाचे काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. स्पष्टवक्ता यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. समाधान आणि दर्जा वेगळे आहेत. अमेरिकेत फेंटन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली 50,000 हून अधिक प्रौढांच्या माहितीवरून दाखवले की सर्वांत समाधानी गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण आणि खर्च जास्त होता, आणि मृत्यूचा धोकाही 26 टक्क्यांनी जास्त होता. समाधानामुळे मृत्यू ओढवला असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण 'खूश रुग्ण म्हणजे चांगली सेवा' हे समीकरण मांडणाऱ्याने हा अभ्यास अवश्य डोळ्यांपुढे ठेवावा.

मात्र समाधान आणि अनुभव हेही वेगळे आहेत, आणि ताईंच्या अर्जाने नेमकी तेथेच गल्लत केली. 'कर्मचाऱ्यांचे वागणे कसे वाटले?' हा समाधानाचा प्रश्न झाला. त्याचे उत्तर अपेक्षेवर, मनःस्थितीवर, आणि बाबा वाचल्याच्या कृतज्ञतेवर अवलंबून असते; त्या दिवशी आपण 'उत्तम'शिवाय दुसरे काय लिहिणार होता? 'नवीन औषध देण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे कर्मचाऱ्यांनी किती वेळा सांगितले: कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा की नेहमी?' हा अनुभवाचा प्रश्न झाला. येथे आवडनिवड विचारलेली नाही, काय घडले ते विचारले आहे, आणि घडलेल्या गोष्टीचा रुग्णाइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोणी नसतो. चाचणीचा अहवाल आम्ही संगणकात पाहू शकतो. औषध समजावले गेले का, हे रुग्णाखेरीज कोणाला विचारणार?

अमेरिकेत 2006 पासून राष्ट्रीय पातळीवर दाखल रुग्णांच्या अनुभवाचे एचसीएएचपीएस नावाचे सर्वेक्षण घेतले जाते आणि 2008 पासून त्याचे रुग्णालयनिहाय निकाल जाहीर होतात. त्याची एक अट मला फार शहाणपणाची वाटते. रुग्ण घरी गेल्यावर किमान 48 तास उलटल्याशिवाय त्याला प्रश्नावली द्यायची नाही. खाटेजवळ उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातात परत द्यायच्या अर्जावर कोण खरे लिहील? शिवाय माहिती नीट मिळाली की नाही, हे घरी गोळ्यांचा डबा भरायला बसल्याशिवाय कळतच नाही. ताई, आपला शेरा आंधळा नव्हता. तो वेळेआधी आणि भलत्याच गोष्टीविषयी विचारून घेतला होता.

असे नीट विचारलेले अनुभव दर्जाशी जुळतात का? डॉयल, लेनॉक्स आणि बेल यांनी 2013 साली 55 अभ्यासांचा आढावा घेतला. रुग्णाचा चांगला अनुभव, रुग्णाची सुरक्षितता आणि उपचारांची परिणामकारकता या तिन्ही गोष्टी बहुतांश ठिकाणी एकमेकींच्या जोडीने जाताना त्यांना दिसल्या. याची यंत्रणा गूढ नाही. डॉक्टरांचा संवाद चांगला नसेल तर रुग्णाने औषधे नीट न घेण्याचा धोका 19 टक्क्यांनी वाढतो, असे 2009 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात आढळले होते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 साली दर्जाची सहा उद्दिष्टे मांडली, त्यांत सुरक्षितता आणि परिणामकारकता यांच्याच ओळीत रुग्णकेंद्रितता ठेवली. कामाच्या अनुभवावरून मी एवढेच जोडेन की तिसरे ढासळले की पहिली दोन फार काळ उभी राहत नाहीत.

रुग्णालयांना माझा एक आग्रह असतो. अभिप्रायांची सरासरी काढून भिंतीवर लावण्यापेक्षा, शेवटी मोकळ्या जागेत लिहिलेली दोन-चार वाक्ये वॉर्डच्या बैठकीत मोठ्याने वाचा. '4.6 गुण' वाचून कोणी काही बदलत नाही. 'बंद करायची गोळी कोणती ते सांगितले नाही' हे वाचल्यावर सिस्टर दुसऱ्या दिवशी चार रकाने आखते.

धाकटी लेक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. स्पष्टवक्ता यांचेही, कारण त्यांच्या आक्षेपामुळेच 'समाधान' आणि 'अनुभव' हा फरक मला नीट कळला.

हे सगळे वाचून काल मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. मी बाबांना विचारले की त्या आठ दिवसांत त्यांना काय वाटत होते. आजवर या प्रसंगाविषयी मी डॉक्टरांशी बोलले, भावाशी बोलले, येथे लिहिले, पण ज्यांनी त्या गोळ्या गिळल्या त्यांना कोणी विचारलेच नव्हते. बाबा म्हणाले की तिसऱ्या दिवसापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ते मला एकदा म्हणालेही होते, "गोळ्या जरा जड पडताहेत." आणि मी म्हणाले होते, "नवीन आहेत बाबा, सवय होईल." मला हे आठवत नव्हते, त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. डॉक्टरांनी 18 सेकंदांत बोलणे तोडले असे आपण म्हणतो, मी तर तेवढीही सेकंदे दिली नव्हती.

रुग्णालयाच्या अधीक्षकांना मी पत्र लिहिले आहे. त्यात कोणावर कारवाई मागितलेली नाही. दोनच मागण्या केल्या आहेत: अभिप्रायाचा अर्ज घरी गेल्यावर आठवड्याभराने पाठवावा आणि त्यात 'कोणती औषधे बंद करायची हे आपल्याला सांगितले गेले का?' हा प्रश्न घालावा; आणि डिस्चार्ज कार्डावर बंद केलेल्या औषधांसाठी वेगळा रकाना छापावा. पत्राचा मसुदा बाबांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी आणखी एक ओळ घालायला लावली: गोळ्या समजावताना रुग्णाला आधी चष्मा लावू द्यावा.

सिस्टर, आपल्या चार रकान्यांच्या कागदाचा नमुना येथे देता आला तर पत्रासोबत जोडता येईल. सोमवारी बाबांची पुढची तपासणी आहे, तेव्हाच ते पत्र समक्ष देणार आहे.